लिस्बनचे १९६१

गोवा मुक्तिसंग्रामाची गोष्ट आपल्याकडे साधारणपणे १९४६ च्या मडगावच्या सभेपासून सुरू होते, १९५५ च्या सत्याग्रहींवरील गोळीबारावरून पुढे सरकते आणि १९ डिसेंबर १९६१ ला संपते. गोष्ट खरीच आहे, पण एका प्रश्नाचे उत्तर तिच्यात मिळत नाही. फ्रान्सने १९५४ मध्ये वाटाघाटी करून पाँडिचेरी भारताच्या हवाली केली. पोर्तुगाल फ्रान्सपेक्षा कितीतरी दुबळा. मग हरणार हे उघड दिसत असलेली लढाई त्याने का ओढवून घेतली? यासाठी लिस्बनचे १९६१ हे वर्ष महिन्यामहिन्याने पाहावे लागते.

त्या काळी पोर्तुगालची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास होती. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. एकटा अंगोला मात्र या देशाच्या तेरा-चौदा पट. १९३२ पासून पंतप्रधानपदावर असलेल्या सालाझारने १९५१ मध्ये घटनेत दुरुस्ती करून ‘वसाहत’ हा शब्द काढला आणि ‘सागरपार प्रांत’ हा आणला. वरवर हा शब्दांचा खेळ होता, पण त्याने परतीची वाट बंद झाली. प्रांत हा देशाचाच भाग, तेव्हा तो देण्याघेण्याची बोलणी करायची कशी? आणि गोवा सोडला, तर अंगोला कोणत्या तोंडाने राखायचा?

वर्षाची सुरुवातच वादळी झाली. २२ जानेवारीला एन्रिक गाल्व्हाँव याने मूठभर साथीदारांसह कॅरिबियन समुद्रात ‘सांता मारिया’ हे पोर्तुगीज प्रवासी जहाज ताब्यात घेतले. त्यात जहाजावरचा एक अधिकारी मारला गेला. हा गाल्व्हाँव एके काळी राजवटीचाच माणूस. वसाहतींचा निरीक्षक असताना त्याने अंगोलातल्या वेठबिगारीवर अहवाल दिला होता आणि तेव्हापासून तो सरकारच्या डोळ्यांत खुपू लागला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्राझीलच्या रेसिफे बंदरात हे नाट्य संपले, पण तोवर जगभरच्या वर्तमानपत्रांत सालाझारच्या हुकूमशाहीची चर्चा झाली होती.

त्याच सुमारास अंगोलात सक्तीच्या कापूसलागवडीविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांवर विमानांतून बॉम्ब टाकण्यात आले. ४ फेब्रुवारीला लुआंडातील तुरुंगावर आणि पोलिसांवर हल्ले झाले. १५ मार्चला उत्तर अंगोलात उठाव झाला. त्यात शेकडो गोरे वसाहतवाले आणि मळ्यांवर काम करणारे कितीतरी कृष्णवर्णीय मजूर कापले गेले. त्याचा सूड लष्कराने आणि गोऱ्यांच्या टोळ्यांनी तितक्याच निर्दयपणे घेतला. त्याच १५ मार्चला सुरक्षा परिषदेत लायबेरियाने मांडलेल्या अंगोलाविषयीच्या ठरावावर अमेरिकेने, सोव्हिएत रशियाबरोबर, पोर्तुगालविरुद्ध मत दिले. ठराव फेटाळला गेला खरा, पण ‘नाटो’तला मोठा भाऊ डोक्यावरचा हात काढून घेतो आहे हे लिस्बनला कळून चुकले.

लष्करातल्या वरिष्ठांनाही ते कळले होते. एप्रिलमध्ये संरक्षणमंत्री बोतेल्यू मोनिझ यानेच सालाझारला दूर करण्याचा बेत आखला. त्याच्या साथीदारांत कोश्ता गोमेश हा अधिकारी होता. हे नाव पुढे पुन्हा येईल. सालाझारने १३ एप्रिलला या सर्वांना पदावरून काढले, संरक्षण खाते स्वतःकडे घेतले आणि अंगोलाकडे फौजा रवाना केल्या.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला दाहोमे या नव्या आफ्रिकी देशाने आपल्या किनाऱ्यावरचा अजुदाचा चिमुकला पोर्तुगीज किल्ला घेतला. किल्ल्यात राहणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरीही हवाली करण्याआधी त्याला आग लावण्यात आली. अशा वेळी लिस्बनची मनोवृत्ती काय होती, हे तिथेच दिसले होते.

ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींविषयी परिसंवाद भरला. आफ्रिकी नेत्यांनी तिथे नेहरूंना ऐकवले, की गोव्याबाबत भारत थांबून राहिल्यामुळे आमची सुटका लांबते आहे. म्हणजे गोवा आणि अंगोला ही एकच साखळी आहे, हे सालाझारइतकेच त्याच्या विरोधकांनाही पटलेले होते. पुढच्याच महिन्यात अंजदीव बेटावरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला आणि दिल्लीचा संयम सुटला.

१४ डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हा याला तार केली. आशय असा: तह नाही, युद्धकैदी नाहीत, सैनिक एकतर विजयी व्हावेत नाहीतर मरावेत. निदान आठ दिवस तग धरावा, तेवढ्यात जगाची मध्यस्थी मिळवता येईल. गव्हर्नर पेशाने लष्करी इंजिनिअर. हाताशी साडेतीन-चार हजार माणसे, लढाऊ विमान एकही नाही, आणि मोठे जहाज म्हणावे तर ‘अफोन्सो दे अल्बुकर्क’ हे एक जुने. समोर भारताचे पायदळ, नौदल, वायुदल तिन्ही. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी त्याने शरणागती पत्करली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पन्नास सैनिक या लढाईत पडले. तारेतला हुकूम शब्दशः पाळला असता तर हा आकडा कुठे गेला असता, आणि पणजी-मडगावच्या घरांचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

सुरक्षा परिषदेत पोर्तुगालच्या बाजूचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. विरोधी मत देणाऱ्यांत लायबेरियाही होता. वर्षाच्या शेवटच्या रात्री बेझा शहरातल्या बराकीवर बंडखोरांनी हल्ला केला. त्या धुमश्चक्रीत लष्करी खात्याचा उपमंत्री ठार झाला. ३ जानेवारीला गोव्यावरचे सालाझारचे भाषण संसदेत दुसऱ्याने वाचून दाखवले, कारण त्याचा आवाज बसला होता.

तीन हजारांवर युद्धकैदी मे १९६२ मध्ये मायदेशी पोहोचले. त्यांचे स्वागत झाले नाही. बंदुकधारी पहाऱ्यात त्यांना उतरवून घेण्यात आले. १९६३ मध्ये व्हासालू इ सिल्व्हाला लष्करातून बडतर्फ केले. राजकारण्यांच्या हट्टाचे खापर सैनिकाच्या माथी फोडले जाते, हा धडा अधिकाऱ्यांच्या मनात राहिला. गिनी आणि पुढे मोझांबिकमध्येही युद्ध पेटले. तेरा वर्षे आफ्रिकेत लढून थकलेल्या याच लष्कराने २५ एप्रिल १९७४ ला राजवट उलथवली. या क्रांतीला इतर कारणेही होती, पण गोव्याची आठवण त्या अधिकाऱ्यांच्या बोलण्यात वारंवार येते.

व्हासालू इ सिल्व्हाला त्याचे पद परत मिळाले. ३१ डिसेंबर १९७४ ला गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने कराराने मान्य केले. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी होता कोश्ता गोमेश, १९६१ च्या एप्रिलमध्ये पदावरून काढलेला तोच अधिकारी. जे बोलणे तेव्हा राजद्रोह ठरले, तेच तेरा वर्षांनी आणि हजारो बळी गेल्यावर राष्ट्राचे धोरण झाले. गोव्याची मुक्ती ही आपल्या स्वातंत्र्यलढ्याची शेवटची पायरी होतीच. पोर्तुगीज माणसासाठी ती त्याच्या स्वतःच्या सुटकेच्या पहिल्या पायऱ्यांपैकी एक होती.