वाइन्सबर्गच्या बायकांचा किल्ला

जर्मनीत ‘बुर्गेनश्ट्रासे’ नावाचा एक लांबलचक रस्ता आहे. बुर्ग म्हणजे किल्ला, श्ट्रासे म्हणजे रस्ता. मानहाइम शहरातून गाडी निघाली की नेकार नदीच्या काठाने किल्ल्यामागून किल्ले दिसत राहतात. हायडेलबर्गचा लाल दगडाचा किल्ला बघायला तर जगभरातून माणसं येतात. आपण मात्र तिथे न थांबता हाइलब्रॉनच्या थोडं पुढे, वाइन्सबर्ग या लहान गावी जाऊ. तिथे द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर एक पडका किल्ला आहे.

गोष्ट 1140 सालची. राजा कॉनराड तिसरा याने या किल्ल्याला वेढा घातला. ऐन थंडीत, डिसेंबरात, किल्ला शरण आला. आतल्या पुरुषांची धडगत नव्हती. बायकांना मात्र राजाने मोकळीक दिली, “खांद्यावर पेलेल तेवढं घ्या आणि निघा.” दार उघडलं तर काय, एकेक बाई नवऱ्याला पाठीवर घेऊन टेकडी उतरतेय! जवळचा सरदार म्हणाला, हे चालणार नाही. राजा म्हणाला, दिलेला शब्द फिरवायचा नाही.

कोलोनच्या जुन्या बखरीत ही हकिकत आहे. ती घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिली, म्हणून काही अभ्यासक शंका घेतात. वेढा मात्र खरा. लोक किल्ल्याला ‘वाइबरट्रॉय’ म्हणतात, म्हणजे बायकांची निष्ठा. मला विचाराल तर निष्ठेइतकीच ही अक्कल आहे. फक्त सामानच न्या, असं राजा म्हणालाच नव्हता, आणि ते त्यांनी बरोबर ऐकलं!

पुढे 1525 च्या शेतकऱ्यांच्या बंडात किल्ला उद्ध्वस्त झाला. मग ज्याला घर बांधायचं तो इथले दगड उचलून नेऊ लागला. ते थांबलं 1823 च्या सुमारास. गावातले डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी पुढाकार घेतला आणि वाइन्सबर्गचं महिला मंडळ उभं राहिलं. पडका किल्ला मंडळाने सांभाळायला घेतला. पैसा कुठून आणायचा? मंडळाने किल्ल्यातले बारीक खडे अंगठ्यांत बसवून विकायला काढले. त्या पैशातून डागडुजी झाली.

जाड बुरुजाच्या झरोक्यांत केर्नर यांनी तारांची वाद्यं बसवली होती. ती कुणी वाजवायची नाहीत. टेकडीवर वारा सुटला की आपोआप वाजायची.