मदत येईल, या भरवशावर

१४ मार्च १९७५ रोजी दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्ग्वेन व्हान थिऊ काम रान्ह इथल्या किनारी तळावर आले. सोबत पंतप्रधान, सरसेनापती काओ व्हान व्हिएन आणि सुरक्षा सल्लागार होते. समोर बसले होते मध्य पठाराचे सेनापती फाम व्हान फू. चार दिवसांपूर्वी उत्तर व्हिएतनामच्या फौजांनी पठारावरच्या बान मे थुओट शहरावर झडप घातली होती आणि एका दिवसातच शहराचा बहुतेक भाग त्यांच्या हाती गेला होता. थिऊ यांनी फूंना हुकूम दिला : प्लेइकू आणि कॉन्टुम सोडा, सगळी फौज किनाऱ्यावर आणा आणि तिथून बान मे थुओट परत घ्या. तयारीला मोजके दिवस होते. स्थानिक आदिवासींच्या प्रादेशिक पथकांना हे कळू द्यायचे नव्हते.

पठारावरून खाली उतरणारे मोठे रस्ते शत्रूने तोडले होते. उरला होता ७-बी नावाचा जुना, बिनवापराचा रस्ता, पूल मोडलेला आणि रान माजलेला. १६ मार्चला वाहने निघाली. गुपित अर्थातच गुपित राहिले नाही. सैनिकांची कुटुंबे, सरकारी नोकर, दुकानदार, म्हातारीकोतारी माणसे, लाखावर लोक त्या तांड्यामागे धावले. चेओ रेओ गावाशी सगळा जमाव अडकला आणि तिथेच त्याच्यावर तोफांचा मारा सुरू झाला. पठारावरून निघालेल्या सुमारे ६० हजार सैनिकांपैकी किनाऱ्याला पोचले साधारण २० हजार. व्हिएतनामी लोक त्या तांड्याला आजही अश्रूंचा तांडा म्हणतात.

या माघारीबद्दल लिहिणारे बहुतेक जण थिऊंच्या घिसाडघाईवर बोट ठेवतात. घाई होतीच. पण मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. पठार सोडून आघाडी आखडावी, हा निर्णय लष्करी दृष्टीने चुकीचा नव्हता. तो आठ-दहा महिने आधी, शांतपणे, रस्ते दुरुस्त करून आणि लोकांना आधी हलवून घेता आला असता. तो तेव्हा का घेतला गेला नाही? याचे उत्तर शोधताना साइगॉनपेक्षा वॉशिंग्टनकडे जास्त पाहावे लागते.

२७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिसमध्ये शांतता करार झाला आणि अमेरिकेची उरलीसुरली फौज मायदेशी निघाली. करारात एक कलम मात्र नव्हते : दक्षिणेत शिरलेल्या उत्तरेच्या फौजांनी परत जावे, असे त्यात कुठेही म्हटले नव्हते. सुमारे दीड लाख सैनिक होते तिथेच राहिले. थिऊंनी ऑक्टोबर १९७२ मध्ये हेन्री किसिंजर यांच्यासमोर याच मुद्द्यावर कराराला साफ नकार दिला होता. त्यांना वळवण्यासाठी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्यांना खासगी पत्रे लिहिली. १४ नोव्हेंबर १९७२ आणि ५ जानेवारी १९७३ या तारखांच्या पत्रांत निःसंदिग्ध आश्वासन आहे : हनोईने करार मोडला तर अमेरिका तातडीने आणि पूर्ण ताकदीनिशी प्रत्युत्तर देईल. याच पत्रव्यवहारात धमकीही होती की सही केली नाही तर मदत संपेल. थिऊंनी सहीला मान्यता दिली. एप्रिल १९७३ मध्ये ते कॅलिफोर्नियात सॅन क्लेमेंटे इथे निक्सनना भेटले आणि तोच भरवसा पुन्हा घेऊन परतले.

ही पत्रे अमेरिकी काँग्रेसला दाखवलेली नव्हती. तिजोरीच्या किल्ल्या काँग्रेसकडे होत्या आणि युद्धाचा तिला उबग आला होता. ५८ हजार अमेरिकी तरुणांचा बळी गेल्यावर तो आला नसता तरच नवल. १५ ऑगस्ट १९७३ पासून काँग्रेसने इंडोचायनात अमेरिकी बॉम्बफेकीला बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये अध्यक्षांचे युद्धाधिकार आवळणारा कायदा निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून मंजूर झाला. ९ ऑगस्ट १९७४ रोजी वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांनी पद सोडले. ज्या माणसाने शब्द दिला होता तो गेला. ज्या सभागृहाला तो पाळायचा होता, त्याने तो कधी ऐकलाच नव्हता.

पैशाचे आकडे यापेक्षाही बोलके आहेत. १९७३ च्या अर्थसंकल्पी वर्षात दक्षिण व्हिएतनामला दोन अब्ज डॉलरहून अधिक लष्करी मदत मिळाली होती. पुढच्या वर्षी ती निम्म्यावर, एक अब्जाच्या आसपास आली. १९७५ साठी आधी एक अब्जाची मर्यादा ठरली आणि प्रत्यक्षात ७० कोटी मंजूर झाले. त्यातच १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव चौपट झाले. म्हणजे प्रत्येक डॉलरमधून पूर्वीपेक्षा कितीतरी कमी विमाने उडत होती.

फक्त मदत कमी झाली म्हणून देश कोसळला, असे म्हणणे मात्र सोपे आणि अपुरे ठरेल. दक्षिण व्हिएतनामची फौज अमेरिकेने आपल्याच धर्तीवर घडवली होती. पायदळाला अडचण आली की आधी तोफखाना बोलवायचा, मग हेलिकॉप्टर, मग विमाने. १९७२ च्या वसंतातल्या मोठ्या आक्रमणात आन लोक आणि कॉन्टुम ही शहरे टिकली, त्यात तिथल्या सैनिकांच्या शौर्याचा वाटा होता, तितकाच बी-५२ विमानांच्या बॉम्बवर्षावाचाही होता. करारापूर्वीच्या काही आठवड्यांत अमेरिकेने विमाने, रणगाडे, तोफा यांचा अक्षरशः पूर लोटला. त्यासाठी दक्षिण कोरिया, तैवान आणि इराण यांच्याकडची एफ-५ लढाऊ विमाने उसनी घेतली गेली. कागदोपत्री साइगॉनचे हवाई दल जगात चौथे ठरले. या विमानांना लागणारे इंधन, सुटे भाग आणि दुरुस्तीचे तंत्रज्ञ मात्र बाहेरूनच यायचे होते. १९७४ मध्ये शेकडो विमाने जमिनीवर उभी राहिली. तोफांच्या गोळ्यांचे रेशनिंग सुरू झाले. लष्करी रुग्णालयांत वापरलेली बँडेज आणि सुया धुऊन पुन्हा वापरल्या जात होत्या. महागाईने सैनिकाचा पगार घरच्या तांदळालाही पुरेना. हनोईचे सरसेनापती व्हान तिएन झुंग यांनी नंतर आपल्या आठवणींत नोंदवले की, थिऊंना आता गरिबाची लढाई लढावी लागत होती. शत्रूने केलेले ते अचूक निदान होते.

याच काळात घडलेल्या एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. साइगॉनमधल्या अमेरिकी संरक्षण कचेरीचे प्रमुख मेजर जनरल जॉन मरे यांनी १९७४ च्या मध्याला एक हिशेब मांडला. वर्षाला १.४ अब्ज डॉलर मिळाले तर देशाचा लोकवस्तीचा सगळा भाग राखता येईल. रक्कम जसजशी खाली येईल तसतसा एकेक प्रदेश सोडावा लागेल. ६० कोटींवर आल्यास साइगॉनचा परिसर आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, एवढेच उरेल. किती डॉलरला किती भूमी, याचा नकाशाच त्यांनी आखून दिला होता. मंजूर झाले ७० कोटी. नकाशा सांगत होता की आता उत्तरेकडचे प्रांत आणि पठार रिकामे करा.

थिऊंनी तसे केले नाही. त्यांनी जाहीरपणे चार नकारांची शपथ घेतली होती, त्यातला एक नकार भूमी सोडण्याला होता. एकेक ठाणे राखलेच पाहिजे, असे त्यांचे धोरण होते. हट्ट, अभिमान, घरातल्या विरोधकांची भीती, हे सारे त्यात होते. त्यांच्या राजवटीतली लाचखोरी आणि १९७१ मधली एकाच उमेदवाराची निवडणूक यांनी लोकांचा विश्वास आधीच पोखरला होता, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण हट्टाच्या मुळाशी ती पत्रे होती. मदत नक्की येणार नाही, असे कुणी स्पष्ट सांगितले असते तर थिऊंना पठार सोडायची सबब मिळाली असती. मदत नक्की येईल, असे असते तर पठार राखणे शहाणपणाचे ठरले असते. त्यांना मिळाले ते या दोहोंच्या मधले काहीतरी. व्हाइट हाउस म्हणत होते, आम्ही काँग्रेसला पटवू. राजदूत ग्रॅहम मार्टिन तर अखेरपर्यंत आशा देत राहिले. अशा अवस्थेत कुठलाही नेता कडू निर्णय पुढे ढकलतो, कारण भूमी सोडली आणि दुसऱ्या आठवड्यात पैसा आला तर इतिहास त्याला माफ करणार नाही. मोठ्या मित्राच्या दोलायमान मदतीचा सर्वांत मोठा घाव मी इथे पाहतो. दारूगोळा संपायच्या कितीतरी आधी निर्णय घ्यायची वेळ संपते.

डोंगरापलीकडे, हनोईत, याच अनिश्चिततेचा अभ्यास चालू होता. उत्तरेकडेही मोठ्या तोफांचे गोळे मुबलक नव्हते आणि १९७२ च्या बॉम्बवर्षावाच्या जखमा ताज्या होत्या. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती : बी-५२ परत येतील का? डिसेंबर १९७४ मध्ये त्यांनी साइगॉनच्या उत्तरेच्या फुओक लाँग प्रांतावर हल्ला केला. ६ जानेवारी १९७५ रोजी प्रांताचे मुख्य शहर पडले. अमेरिकेने निषेधाचा खलिता पाठवला. विमान एकही आले नाही. त्याच सुमारास हनोईत पॉलिटब्युरोची बैठक सुरू होती. पक्षप्रमुख ले झुआन यांचे म्हणणे होते की अमेरिका आता परतणार नाही, आणि फुओक लाँगने त्यावर शिक्कामोर्तब केले. दोन वर्षांत संपवायची मोहीम त्यांनी पुढे काही महिन्यांत संपवली.

काम रान्हनंतरचा मार्च महिना वाचताना आजही पोटात गोळा येतो. राजधानी राखण्यासाठी देशाच्या उत्तर भागातून छत्रीधारी तुकडी मागे बोलावली गेली आणि ती हलताना पाहूनच तिथल्या ह्वे-दानांग शहरांतल्या लोकांनी आपले भविष्य ओळखले. ह्वे सोडा, ह्वे राखा, पुन्हा सोडा, असे परस्परविरोधी हुकूम तिथले सेनापती न्गो क्वांग त्रुओंग यांना मिळत राहिले. २५ मार्चला ह्वे गेले, २९ ला दानांग. सैनिक शत्रूला घाबरून पळाले, हे सरसकट खरे नाही. हजारो सैनिक बायकामुले शोधायला रांगेतून निघून गेले, कारण त्यांच्या तुकड्यांच्या तळाशेजारीच ती राहत होती आणि त्यांना हलवण्याची योजना कुणी केलीच नव्हती. जिथे मागे घर नव्हते आणि सेनापती जागेवर ठाम होता, तिथे हीच फौज लढली. शुआन लोक शहरापाशी ब्रिगेडियर जनरल ले मिन्ह दाओ यांच्या १८ व्या डिव्हिजनने ९ एप्रिलपासून पुढे दहा-बारा दिवस कितीतरी मोठ्या फौजेला रोखून धरले. दाओ नंतर १७ वर्षे छावण्यांत कैद राहिले. फाम व्हान फूंनी ३० एप्रिलला स्वतःचा अंत करून घेतला.

१० एप्रिलला अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी काँग्रेसकडे ७२ कोटी २० लाख डॉलरची तातडीची लष्करी मदत मागितली. ती कधीच मंजूर झाली नाही, आणि झाली असती तरी तोवर ती घ्यायला फौज उरली नव्हती. २१ एप्रिलला थिऊंनी अमेरिकेला दोष देणारे लांब, संतप्त भाषण करून राजीनामा दिला. साइगॉन पडले त्याच ३० एप्रिलला त्यांचे माजी नियोजनमंत्री न्ग्वेन तिएन हुंग यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांपुढे निक्सन यांची ती पत्रे उघड केली.

अमेरिकेच्या शब्दाचे वजन इतर राजधान्यांतही मोजले जात होते. दक्षिण कोरियाने व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या बाजूने लढायला एकूण तीन लाखांवर सैनिक पाठवले होते. त्या बदल्यात १९७१ मध्ये अमेरिकेने कोरियातली आपली एक संपूर्ण डिव्हिजन काढून घेतली. अध्यक्ष पाक चुंग-ही यांनी त्यानंतर गुपचूप अण्वस्त्राची वाट धरली आणि फ्रान्सकडून पुनर्प्रक्रिया प्रकल्प घेण्याचा करार केला. अमेरिकेच्या जबर दबावाखाली १९७६ च्या सुरुवातीला तो त्यांना सोडावा लागला. ज्या मित्राचा भरवसा उरला नव्हता, त्याच्याच दबावापुढे झुकावे लागले, ही छोट्या देशाची कोंडी.

युक्रेनमध्ये हेच चित्र वेगळ्या रंगांत दिसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मागितलेली मदत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २० एप्रिल २०२४ रोजी मंजूर केली. मधल्या सहा महिन्यांत तोफांचे गोळे मोजून वापरावे लागले आणि १७ फेब्रुवारीला आव्दीव्का सोडावे लागले. साइगॉनसारखा इथेही निर्णयांना उशीर झाला. सैन्यभरतीचे वय २७ वरून २५ वर आणायला कीव्हने एप्रिल २०२४ उजाडू दिले. तटबंदीही उशिरानेच उभी राहिली. पुढे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हाइट हाउसमध्ये झेलेन्स्की आणि ट्रम्प यांचा जाहीर खटका उडाला. काही दिवसांतच शस्त्रांची मदत आणि गुप्तचर माहिती थांबवली गेली, आणि ११ मार्चला जेद्दामधल्या चर्चेनंतर पुन्हा सुरू झाली. जुलैत काही शस्त्रांचा पुरवठा आणखी एकदा थांबला आणि आठवड्याभरात सुरू झाला.

फरक मोठा आहे आणि तो युक्रेनच्या बाजूचा आहे. दक्षिण व्हिएतनामकडे युरोप नव्हता, स्वतःचा शस्त्रोद्योग नव्हता आणि लढाईची दुसरी पद्धत शिकायला सवड मिळाली नाही. युक्रेनने तोफगोळ्यांच्या टंचाईतच ड्रोनचे कारखाने उभे केले. आज त्याच्या आघाडीवरचे बरेचसे काम देशातच बनलेल्या स्वस्त ड्रोनवर चालते. तरीही शहरांवर येणारी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे पाडायला मुख्यतः पॅट्रियट यंत्रणाच लागते आणि तिची क्षेपणास्त्रे प्रामुख्याने अमेरिकेकडून येतात. म्हणूनच युद्धोत्तर सुरक्षेच्या हमीबद्दल बोलताना कीव्हने धरलेला आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९४ च्या बुडापेस्ट मेमोरँडममध्ये मिळालेली सुरक्षेची आश्वासने हाती असूनही काय झाले, ते युक्रेनने भोगले आहे. त्यामुळे या वेळची हमी अध्यक्षांच्या शब्दापुरती नको, ती अमेरिकी काँग्रेसने मतदान करून मंजूर केलेली हवी, असे झेलेन्स्की मागत आहेत.