नवा कारभारी

२०२५ च्या दिवाळीच्या सुटीत माझा नातू विनय एके दिवशी सकाळीच माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. काहीतरी मागावयाचे आहे, हे त्याच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसत होते. "आजोबा, आपल्या संगणकातील विंडोज जुनी झाली आहे. तिची नवी आवृत्ती बसवू या ना! मग माझा मोटारींच्या शर्यतीचा खेळ कसा सुसाट धावेल!"

मुलांनो, विनयची ही समजूत तुमच्यापैकीही पुष्कळांची असेल. जे नवे ते अधिक चांगले आणि जे अधिक चांगले ते अधिक वेगवान, असे आपले मन सहजच धरून चालते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा आज आपण विचार करू.

लग्नघरची पंगत तुम्ही पाहिलीच असेल. आत मोठमोठ्या चुलींपाशी आचारी रांधीत असतात. शिधा कोठीघरात साठविलेला असतो, आणि त्यातून लागेल तेवढा काढून ओट्यावर हाताशी मांडलेला असतो. या साऱ्या गडबडीवर देखरेख करणारा एक कारभारी असतो. तो स्वतः एक पोळीही लाटीत नाही. परंतु कोणत्या आचाऱ्याने कोणते काम केव्हा करावयाचे, ओट्यावरील जागा कोणाला किती द्यावयाची, कोठीतून काय आणि केव्हा काढावयाचे, हे सारे तोच ठरवितो.

संगणकाच्या पेटीतही असाच एक संसार मांडलेला असतो. हिशेब करणारा प्रोसेसर हा तेथील मुख्य आचारी. खेळातील चित्रे रंगविणारी ग्राफिक्सची चिप हा दुसरा आचारी. रॅम नावाची तात्पुरती स्मृती म्हणजे ओटा, आणि ज्या डिस्कवर सर्व माहिती कायम साठविलेली असते ती डिस्क म्हणजे कोठीघर. या सर्वांना कामे वाटून देणारा जो कारभारी, त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही अशाच कारभाऱ्यांची नावे होत.

आता खेळाचा वेग म्हणजे नेमके काय, ते पाहू. पडद्यावर धावणारी मोटार वस्तुतः धावत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे इतक्या त्वरेने दाखविली जातात की, आपल्या डोळ्यांना ती सलग हालचाल वाटते. चित्रपटात सामान्यतः दर सेकंदास २४ चित्रे दाखवितात. संगणकावरील खेळात मात्र ६० चित्रे मिळाली, तर खेळणाऱ्याला समाधान वाटते. साठ चित्रे म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग! तेवढ्या अवधीत मोटार कोठे आहे, वळण किती आहे, ऊन कोठून पडते आहे, या सर्वांचा हिशेब करून चित्र तयार व्हावे लागते. ते वेळेवर तयार झाले नाही, की खेळ अडखळू लागतो.

हे काम मुख्यतः दोघा आचाऱ्यांचे आहे, ही गोष्ट आता तुमच्या ध्यानी आलीच असेल. मग नुसता कारभारी बदलून काय होणार? ज्या आचाऱ्याच्या हातून तासाला शंभर पोळ्या उतरतात, त्याच्याकडून नवा कारभारी दोनशे कशा करून घेईल? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणूनच, ज्या संगणकाची घडी मुळातच नीट बसलेली आहे, त्यावर कार्यप्रणालीची नवी आवृत्ती घातल्याने खेळाच्या वेगात बहुधा फारसा फरक पडत नाही.

परंतु 'बहुधा' या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. कित्येकदा आचारी समर्थ असतात, शिधाही भरपूर असतो; पण जुन्या कारभाऱ्यालाच त्यांचा उपयोग करून घेता येत नाही. अशा वेळी कारभारी बदलल्याचा लाभ खरोखरच होतो.

याचे एक उदाहरण पाहा. पूर्वी पुष्कळ संगणकांवर ३२-बिट कार्यप्रणाली असे. शून्य आणि एक या दोनच अंकांनी ३२ स्थाने भरावयाची, तर एकंदर ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळ्या संख्या तयार होतात. स्मृतीतील प्रत्येक घराला एकेक क्रमांक द्यावयाचा झाल्यास एवढ्याच घरांना तो पुरतो. ही घरे म्हणजेच ४ जीबी स्मृती. घरातील संगणकात ८ जीबी स्मृती बसविली, तरी विंडोजच्या ३२-बिट आवृत्तीला ४ जीबीपलीकडचा ओटा वापरता येत नसे. तेथे ६४-बिट आवृत्ती बसविली, की अडगळीत पडलेली जागा कामी येई, आणि स्मृतीवाचून अडलेला खेळ मोकळा होई.

दुसरे उदाहरण २०१५ सालचे. त्या वर्षी विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ ही व्यवस्था आली. खेळाने ग्राफिक्सच्या चिपला आज्ञा कशा द्यावयाच्या, याचे नियम या व्यवस्थेत असतात. नव्या नियमांमुळे आज्ञा पोहोचविण्यात प्रोसेसरचे श्रम कमी झाले, आणि ते काम त्याच्या अनेक गाभ्यांना वाटून घेता येऊ लागले. अर्थात, जे खेळ या नियमांना धरून लिहिले गेले, त्यांनाच हा लाभ मिळाला. जुने खेळ जुन्याच चालीने चालत राहिले.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नवा कारभारी कधीकधी स्वतःच मोठा लवाजमा घेऊन येतो. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीसाठी १२८ एमबी स्मृती असावी, अशी तिच्या निर्मात्यांची शिफारस होती. २००७ साली घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या बहुतेक आवृत्त्यांसाठी ती १ जीबी, म्हणजे आठपट झाली. ओटा तेवढाच आणि कारभाऱ्याचेच सामान आठपट! मग आचाऱ्याने कणीक तिंबावी तरी कोठे?

ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ प्रसिद्ध झाली, तेव्हा तर आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांत वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवण्यासाठी एक छोटे कपाट असते. नव्या प्रणालीत त्या कपाटातून वस्तू काढण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागू लागला. त्यामुळे काही खेळांचा वेग १० ते १५ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असे त्या कंपनीनेच जाहीर केले. त्याच महिन्यात दुरुस्ती निघाली आणि तो दोष दूर झाला. पुढे २०२४ साली त्याच विंडोज ११ च्या एका सुधारणेने त्याच कंपनीच्या नव्या प्रोसेसरांवर काही खेळांचा वेग वाढला. तेव्हा केवळ 'नवे' या एका शब्दावरून लाभ किंवा हानी यांपैकी काहीच ठरविता येत नाही.

मग ठरवावयाचे कसे? याचे उत्तर एकच आहे, आणि ते म्हणजे मोजून. विनयला मी एक कोरी वही दिली आणि म्हटले, "अरे, आधी आज काय आहे ते लिही. मग उद्याचे बोलू."

परंतु त्याहूनही आधी आम्ही एक काम केले. घरातील सर्व फायलींची नक्कल एका निराळ्या डिस्कवर उतरवून ठेवली. यामागे माझा एक कटू अनुभव होता. आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांनी पाठविलेल्या आठवणी मी दोन वर्षे खपून संगणकावर लिहून काढल्या होत्या. संगणक मंद चालतो म्हणून एके दिवशी उतावीळपणे मी नवी कार्यप्रणाली बसवावयास घेतली, आणि 'डिस्क पुसावी काय?' या प्रश्नाला नीट न वाचताच होकार दिला. घटकाभरात सारे कोठीघर रिकामे झाले. मूळ पत्रे मी केव्हाच टाकून दिली होती. त्या लेखकांपैकी काहीजण आज हयात नाहीत. त्यांच्या आठवणी आता पुन्हा लिहून मागावयाच्या तरी कोणाकडे? नवी आवृत्ती पुन्हा मिळते. गेलेला मजकूर मिळत नाही.

नक्कल झाल्यावर विनयने तीच शर्यत, तीच मोटार आणि तोच रस्ता घेऊन तीन वेळा खेळ चालविला, आणि दर सेकंदास किती चित्रे उमटतात ते दर दोन मिनिटांनी वहीत टिपले. नंतर आम्ही विंडोज १० च्या जागी विंडोज ११ बसविली. दुसऱ्या दिवशी त्याने तशाच तीन फेऱ्या पुन्हा केल्या. दोन्ही दिवसांचे आकडे शेजारीशेजारी मांडले, तेव्हा त्यांत एकदोन चित्रांपलीकडे अंतर नव्हते. विनयचा चेहरा उतरला.

मात्र तो वही मिटून उठला नाही. आकड्यांवरून बोट फिरविता फिरविता एकदम म्हणाला, "आजोबा, हे पाहा! प्रत्येक वेळी सुरुवातीला आकडा मोठा असतो, आणि सहाव्या मिनिटानंतर तो घसरतो. कालही तसेच आणि आजही तसेच!"

मुलाने मर्मावर बोट ठेवले होते. पाच-सहा मिनिटांत असे काय बदलत असेल? संगणक तापत असेल! प्रोसेसर फार तापला, की तो जळून जाऊ नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. विजेची जोडणी काढून, यंत्र निवू देऊन आम्ही पेटी उघडली. पंख्याच्या पात्यांवर आणि त्याखालील धातूच्या जाळीवर धुळीचा जाड थर बसला होता. आचारी कामचुकार नव्हता आणि कारभारीही अडाणी नव्हता. स्वयंपाकघराचे धुराडेच चोंदले होते! मऊ कुंचल्याने धूळ झाडून विनयने पुन्हा शर्यत लावली. या वेळी दहावे मिनिट उलटले, तरी आकडा खाली आला नाही.

तर मग नवी कार्यप्रणाली बसविणे व्यर्थच गेले काय? तसेही नाही. विंडोज १० ला निर्मात्यांकडून मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या प्रणालीतील दोषांची दुरुस्ती थांबते, तिच्या कोठीघराचे कुलूप दिवसेंदिवस कच्चे होत जाते. घराच्या सुरक्षिततेसाठी कारभारी बदलणे योग्यच होते. केवळ वेगाच्या आशेने तो बदलला असता, तर पदरी निराशा आली असती. एखादी गोष्ट करणे बरोबर असले, तरी ती कशासाठी करीत आहोत, हेही आपल्याला बरोबर ठाऊक असले पाहिजे.

म्हणून मुलांनो, एखादी वस्तू नीट चालेनाशी झाली, की लगेच 'नवी आणा' असा हट्ट धरू नका. आधी जे मोलाचे आहे ते जपून ठेवा. मग मोजा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. विनयची ती वही अजून माझ्या टेबलावर आहे. आकड्यांच्या तळाशी त्याने आपल्या वळणदार अक्षरांत एकच शब्द लिहिला आहे : 'धूळ'.