वादळात वाडी आडवी झाली? कोयता उचलण्याआधी एवढं बघा
नारळ, सुपारी, आंबा आणि परसातली झाडं : कोणतं वाचतं, कोणतं गेलं आणि पहिल्या आठवड्यात काय करायचं

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. या दोन वादळांनंतर अनेक ठिकाणी एकच गोष्ट दिसली. पडलेल्या झाडांबरोबर वाचू शकणारी झाडंही तोडली गेली आणि वाचलेली काही झाडं पुढच्या महिन्यांत किडीने नाहीतर उन्हाने मेली.

सुपारीचं नवं रोप उत्पन्नाला यायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, बाणवली नारळाला सहा ते आठ. त्यामुळे वाचलेलं प्रत्येक झाड म्हणजे वाचलेली तेवढी वर्षं.

आधी फोटो, मग साफसफाई

वाडीत शिरण्यापूर्वी वर बघा. तुटलेली वीजवाहिनी झाडावर किंवा कुंपणावर पडलेली असेल तर महावितरणला कळवून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी आत जाऊ नये. अर्धवट मोडून लटकलेल्या फांदीखाली उभं राहू नये.

त्यानंतर मोबाईलवर फोटो काढा. एक पूर्ण वाडीचा, मग मोडलेल्या आणि उन्मळलेल्या झाडांचे जवळून. लोकेशन आणि तारीख दिसेल असे फोटो असले तर उत्तम. कोकणातल्या वाडीत एकाच गुंठ्यात नारळ, सुपारी, जायफळ, मिरी, केळी सगळंच असतं. म्हणून नुसतं क्षेत्र सांगून भागत नाही. कोणती झाडं किती पडली, किती मोडली, याची यादी वहीत लिहून ठेवा आणि तलाठी, कृषी सहाय्यक पंचनाम्याला आले की हातात द्या. सातबाऱ्यावर भावकीची सामाईक नावं असतील तर संमतीपत्राची तयारी तेव्हाच सुरू करावी. मदत बहुतेक वेळा तिथेच अडकते.

पंचनाम्याला उशीर होणार असेल तरी पाणी काढणं, उघडी मुळं झाकणं ही कामं थांबवू नयेत. फोटो झाले की ती लगेच करावीत. तोडलेलं लाकूड मात्र पंचनामा होईपर्यंत वाडीच्या कडेला ठेवावं.

माड : शेंडा बघा

आंब्याची फांदी मोडली तर शेजारून दुसरी फुटते. माडाचं आणि पोफळीचं तसं नाही. त्यांना वाढीचा एकच कोंब असतो, तो शेंड्यात. शेंडा मोडून पडला तर खोड कितीही हिरवं दिसो, झाड गेलं. ते ठेवून उपयोग नाही.

पण झावळ्या फाटल्या, अर्ध्या गळाल्या आणि मधला न उघडलेला कोंब मात्र हिरवा, ताठ असेल तर माड जगतो. अशा माडाच्या लोंबणाऱ्या हिरव्या झावळ्या ‘साफ दिसावं’ म्हणून तोडू नका. झाडाचं अन्न त्यांच्यातच तयार होतं. पूर्ण मोडलेल्या आणि वाळलेल्या तेवढ्याच काढा.

मधला कोंब ओढल्यावर सहज हातात आला आणि कुजका वास आला, तर कोंब कुजायला लागला आहे. कुजलेला भाग स्वच्छ खरवडून बोर्डो पेस्ट लावावी आणि नवा कोंब दिसेपर्यंत वरून पाऊस आत जाणार नाही असं झाकावं. आतला गाभा शाबूत असेल तर झाड परत फुटतं.

तिरका झालेला माड लगेच तोडण्याची गरज नाही. एका बाजूची मुळं जमिनीत घट्ट असतील आणि घर, रस्ता, तारा यांना धोका नसेल तर तो तसाच ठेवावा. माडाला बुंध्यातून नवी मुळं फुटत राहतात, म्हणून बुंध्याशी मातीची भर द्यावी. शेंडा हळूहळू पुन्हा वर वळतो. मुळासकट उन्मळलेला मोठा माड मात्र उभा करून सहसा जगत नाही. लहान रोपं जगतात.

पोफळ : वादळानंतरचं ऊन

पोफळीच्या वाडीत खरा धोका वादळानंतर येतो. वर्षानुवर्षं सावलीत वाढलेलं खोड शेजारची झाडं पडल्यावर अचानक दुपारनंतरच्या उन्हात येतं. साल भाजते, पिवळी-तपकिरी होते, मग चिरते. पुढच्या वाऱ्यात झाड तिथेच मोडतं.

उपाय साधा आहे. पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूने उघडी पडलेली खोडं पडलेल्याच झावळ्यांनी गुंडाळून काथ्याने बांधा. मोकळ्या जागेत केळी लावा. ती झपाट्याने वाढून सावली देते आणि मधल्या वर्षांत थोडं उत्पन्नही. सुरण, हळद, अळूही त्या जागेत येतात.

आंबा, काजू, फणस : उभं करायचं की नाही?

कलमं तरुण असतील आणि निम्म्या मुळांनी तरी माती धरलेली असेल तर उभं करण्याचा प्रयत्न जरूर करावा. पण तो दोन-चार दिवसांत. मुळं उन्हात वाळली की उपयोग नाही.

१. उघडी मुळं लगेच ओल्या गोणपाटाने झाकावीत. फाटलेली टोकं धारदार कोयत्याने सरळ कापावीत.

२. झाड उचलण्याआधी फांद्यांचा साधारण एक तृतीयांश ते निम्मा भार कमी करावा. मुळं तुटली म्हणजे पाणी ओढणं कमी झालं. तेवढीच पानं वर ठेवली तर झाड सुकतं.

३. खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावर दोर बांधावा आणि माणसांनी हळूहळू ओढावं. जेसीबीने झटका दिला की उरलेल्या बाजूची मुळंही तुटतात.

४. खड्ड्यात माती भरून पायाने दाबावी, पोकळी राहू देऊ नये. तीन बाजूंनी बांबूचे टेकू द्यावेत आणि पुढचा पावसाळा संपेपर्यंत काढू नयेत.

मोडलेली फांदी फाटलेल्या जागी तशीच सोडू नये. जाड फांदी असेल तर आधी खालून थोडी चीर द्यावी, मग वरून कापावी, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. शेवटचा काप किंचित तिरका घ्यावा, पाणी साचणार नाही असा.

झाड पूर्ण निष्पर्ण झालं तरी ते मेलं असं समजू नये. नखाने किंवा चाकूने साल थोडी खरवडा. आत हिरवं, ओलसर असेल तर जीव आहे. दोन-तीन महिने वाट बघा.

जखमेवर बोर्डो पेस्ट

१०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडी नको. दोन्ही एकत्र करून ढवळा. त्यात स्वच्छ लोखंडी पातं बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी ब्रशने लावा. चुना भिजवताना तापतो, डोळे आणि हात सांभाळा.

फवारणीसाठी किंवा मिरी, जायफळाच्या बुंध्याशी ओतण्यासाठी एक टक्का मिश्रण लागतं : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मिरीच्या वेलाला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही, म्हणून आधी चर काढून पाणी बाहेर काढावं. खाऱ्या वाऱ्याने पानं करपू लागली आणि पाऊस थांबला असेल तर गोड्या पाण्याने झाड धुवावं.

किडीचा दुसरा घाव

पडलेले माड वाडीत कुजत ठेवले तर गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा तिथेच वाढतात आणि उभ्या माडांवर जातात. सोंड्या भुंग्याला माडावरच्या ताज्या जखमेचा वास लागतो. म्हणून पंचनामा झाला की ओंडके वाडीबाहेर न्यावेत आणि उभ्या माडांच्या जखमा पेस्टने बंद कराव्यात. शेणाच्या खड्ड्यातल्या पांढऱ्या जाड अळ्या वेचून माराव्यात. आंब्याच्या खोडाशी लाकडाचा भुसा दिसला तर भिरूड लागली समजावं. छिद्रात तार घालून अळी मारावी आणि छिद्र मातीने लिंपावं.

परसातली झाडं आणि खत

जास्वंद, कढीपत्ता, शेवगा मोडला तर जमिनीपासून दोन-तीन फुटांवर सरळ कापा, पुन्हा फुटतो. केळीची नुसती पानं फाटली असतील तर काही करू नका. केळ मोडली असेल तर तळाशी कापा आणि एक जोमदार मुनवा ठेवा. शेंडा मोडलेल्या पपईवर वेळ घालवण्यापेक्षा नवं रोप लावलेलं बरं.

झाड अशक्त झालं म्हणून लगेच युरिया टाकू नये. जखमी मुळांना तो झेपत नाही. नवी पालवी दिसली की कुजलेलं शेणखत द्यावं, रासायनिक खत त्यानंतर.

आणि वादळात ताठ उभे राहिलेले, दरवर्षी भरपूर लागणारे माड आणि पोफळी हेरून ठेवा. नव्या लागवडीसाठी बियाणं त्यांचंच घ्या.