सहा सेंटिमीटर कुठून आणायचे?

पॅरिस पॅरालिंपिकमध्ये ४ सप्टेंबर २०२४ रोजी सांगली जिल्ह्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी एफ-४६ या, हाताचं अपंगत्व असलेल्या आणि उभ्याने फेकणाऱ्या खेळाडूंच्या गटात १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळवलं. कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्टचं सुवर्ण सहा सेंटिमीटर पुढे होतं. गणित मांडलं, तर तेवढ्यासाठी गोळ्याचा सुटतानाचा वेग सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटरने वाढायला हवा. असा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

गोळा किती लांब जाईल हे वेग, कोन आणि उंचीवर ठरतं. त्यात वेग सगळ्यांत मोलाचा. बसून फेकणाऱ्या खेळाडूचा गोळा १.६ मीटर उंचीवरून, ४० अंशांत, सेकंदाला १० मीटर वेगाने सुटला तर सुमारे ११.७ मीटर जातो. कोन ३५ अंशांवर आला तर २० सेंटिमीटर कमी होतात. वेग अर्ध्या मीटरने वाढला तर मात्र एक मीटर मिळतो. म्हणून गोळा ४५ अंशांतच सोडण्याचा हट्ट मला घातक वाटतो. कोन चढवताना वेग हातचा जातो.

उभा खेळाडू वेग पायांतून आणतो. बसणाऱ्याच्या आसनाची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि फेकताना आसन सोडता येत नाही. त्याचा वेग धडाच्या वळणातून आणि दुसऱ्या हाताने धरलेल्या खांबाच्या आधारातून येतो. मणक्याच्या दुखापतीत पोटाचे स्नायू साथ देत नाहीत, सेरेब्रल पाल्सीत स्नायू ताठरतात. त्यामुळे पुस्तकातलं तंत्र सर्वांना लागू पडत नाही. ज्याची त्याची सर्वोत्तम फेक हाच त्याचा नमुना.

ती फेक पकडायला मोबाइल पुरतो. सेकंदाला ३० चित्रं घेतली तर दोन चित्रांमध्ये हात ३३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. २४० घेतली तर फक्त चार. कोन मोजायला किनोव्हिया हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

खरी कसोटी पुढे आहे. प्रत्येक फेकीनंतर सूचना दिल्या की सरावात सुधारणा दिसते, पण सूचना थांबताच ती ओसरते, असा इशारा साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ मध्येच दिला होता. स्पर्धेत तर खेळाडू एकटाच असतो. म्हणून चार-पाच फेकी होऊ द्याव्यात, आधी त्यालाच काय जाणवलं ते विचारावं, मग चित्रण दाखवून एकच गोष्ट सांगावी.

हे आपल्या जिल्ह्यातही जमू शकतं. अहिल्यानगरला वाडिया पार्कचं मैदान आहे. लोणीला आणि विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक सकाळ मोबाइल आणि ट्रायपॉड घेऊन जिल्ह्यातल्या दिव्यांग खेळाडूंसाठी मैदानावर यावं.