आधी आकडा, मग गुन्हेगार

1936 सालच्या 5 डिसेंबरला मॉस्कोत सोव्हिएट संघराज्याची नवी राज्यघटना मंजूर झाली. शोषक वर्ग आता आपल्या देशात उरलेलेच नाहीत, असे स्टालिनने मसुदा मांडताना सांगितले होते. आणि म्हणून पाद्री, जुने 'कुलक' यांनाही मताचा हक्क मिळाला. कागदावर इतकी उदार घटना तेव्हा युरोपात थोड्याच ठिकाणी असेल.

आठ महिने उलटले नाहीत तोच, 30 जुलै 1937 ला, गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव याने 00447 क्रमांकाचा हुकूम काढला. प्रत्येक प्रांताला आकडा नेमून दिला होता. पहिल्या वर्गातल्यांना गोळी, दुसऱ्या वर्गातल्यांना आठ ते दहा वर्षे तुरुंग किंवा छावणी. एकट्या मॉस्को प्रांताच्या वाट्याला पहिल्या वर्गाचे 5,000! निकाल तिघांचे मंडळ देई. आरोपी समोर नसे, वकील तर नसेच. ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनी आकडा वाढवून मागितला, तो मिळालाही. घरच्यांना सांगत, 'दहा वर्षे, पत्रव्यवहारास मनाई.' 1937-38 या दोन वर्षांत, सरकारी दप्तरातल्या नोंदींप्रमाणेच, 6,81,692 माणसांना देहदंड झाला.

पण वर्गच संपले, तर शत्रू आले कोठून? याचे उत्तर स्टालिनने 1937 च्या मार्चमध्येच देऊन ठेवले होते: समाजवाद जसजसा पुढे जाईल, तसतसे हरलेल्या वर्गांचे अवशेष अधिकच चवताळतील. शत्रू सापडला तर हा विचार खरा. न सापडला तर तो दडून बसला आहे, म्हणून पुन्हा खराच! सारे एका माणसाच्या सत्तालोभावर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही, आणि याचे कारण बुखारिन.

याच घटनेच्या मसुद्यावर हा विद्वान राबला होता. 1937 च्या फेब्रुवारीत त्याला अटक झाली. डिसेंबरात त्याने तुरुंगातून स्टालिनला पत्र लिहिले. मी निर्दोष आहे, हे त्यात आहेच. पण सरसकट शुद्धीकरणाच्या कल्पनेत काही भव्य आणि धाडसी आहे, असेही तो लिहितो! मारणारा आणि मरणारा एकाच पोथीतले.

15 मार्च 1938 ला त्याला गोळी घातली. अटकेपूर्वी त्याने पक्षाच्या भावी पिढीसाठी एक पत्र लिहून पत्नीकडून तोंडपाठ करवून घेतले होते. छावण्यांत ती ते मनाशी घोकत राहिली. पत्र छापले गेले ते पुष्कळ वर्षांनी. वर्षाचे असताना दुरावलेले तिचे मूल तिला 1956 मध्ये भेटले, वीस वर्षांचे होऊन. आपले वडील कोण, हे त्याला तेव्हा प्रथम कळले.