जांभई

वर्गात एखाद्या मुलाने जांभई दिली, की गुरुजींची दृष्टी त्याच्याकडे वळते आणि तो आळशी ठरतो. प्राचीन वैद्यकाने मात्र जांभईला असे हीन लेखलेले नाही. जे तेरा वेग अडवून धरू नयेत असे चरकसंहितेत सांगितले आहे, त्यांत शिंक, ढेकर आणि तहान यांच्या पंगतीला जांभईही बसलेली आहे.

जांभई येते म्हणजे काय होते? जबडा सावकाश खाली जातो, छाती भरून हवा आत येते, डोळे क्षणभर मिटतात आणि मग श्वास बाहेर पडतो. हा सारा प्रकार सुमारे सहा सेकंदांत आटोपतो. दात घट्ट मिटून जांभई देऊन पाहा. ती अपुरी राहिल्यासारखी वाटेल. केवळ हवा हवी असती, तर ती नाकावाटेही मिळालीच असती!

शरीरातील प्राणवायू कमी पडला म्हणजे जांभई येते, असे पुष्कळ लोक सांगतात. ही समजूत पटण्यासारखी होती, म्हणूनच ती इतकी टिकली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी तिची परीक्षा घेतली. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कधी शुद्ध प्राणवायू, तर कधी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढवलेली हवा हुंगण्यास दिली. कार्बन डायऑक्साइडमुळे त्यांचा श्वासोच्छ्वास जलद झाला. परंतु जांभया वाढल्या नाहीत. शुद्ध प्राणवायूने त्या थांबल्याही नाहीत. शिवाय, आईच्या पोटातील गर्भही जांभई देतो. तिथे तर हवाच नसते!

मग खरे कारण कोणते? काही शास्त्रज्ञांच्या मते जांभई मेंदूला थंडावा देते. जबडा ताणला गेल्याने डोक्याकडील रक्तप्रवाह वाढतो आणि आत आलेली गार हवा त्या रक्ताची उष्णता कमी करते. २००७ साली न्यूयॉर्क राज्यात केलेल्या एका प्रयोगात जांभया देणाऱ्या माणसांची चित्रफीत लोकांना दाखवण्यात आली. ज्यांनी कपाळावर थंड पट्टी धरली होती, त्यांपैकी फारच थोड्यांना जांभई आली. पुढे २०२१ साली १०१ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या व पक्ष्यांच्या जांभया मोजण्यात आल्या. ज्यांचा मेंदू मोठा, त्यांची जांभई लांब, असे दिसून आले. हे मत सर्व शास्त्रज्ञांनी स्वीकारलेले नाही. तथापि प्राणवायूच्या समजुतीपेक्षा ते अधिक भक्कम आहे. अपोलो ओहनो हा बर्फावर स्केट्स घालून धावणारा अमेरिकन खेळाडू शर्यतीच्या तोंडावर हटकून जांभया देत असे. त्याने ऑलिंपिकची आठ पदके मिळवली. त्याला आळशी कोण म्हणेल?

जांभईचा संसर्ग हे तर मोठेच नवल. एकाने जांभई दिली, की शेजाऱ्यालाही येते. नुसते जांभईविषयी वाचूनही ती येते. तेव्हा हा पाठ वाचताना ती आली, तर दोष पाठाचा समजावा. तान्ह्या मुलांना मात्र ही लागण होत नाही. साधारण चार-पाच वर्षांच्या वयानंतर ती होऊ लागते. दुसऱ्याच्या मनाशी समरस होण्याची शक्तीही याच सुमारास वाढत असते. म्हणून या दोहोंचा संबंध असावा, असे काहींना वाटते. २००८ साली लंडनमध्ये एका अनोळखी माणसाने २९ कुत्र्यांसमोर एकेक करून जांभया दिल्या. त्यांतील २१ कुत्र्यांनी त्याला जांभईनेच उत्तर दिले.